करंगळीएवढा चिरूट

“आणि अकरावा वाजलाच नाही, तर?”

“तर बसायचं.”

“किती वेळ?”

प्रल्हादचे ओठ थांबले आहेत ना, हे मौला उस्तादांनी आधी नीट पाहून घेतलं. चाळीस वर्षं डोंगर फोडून त्यांचे दोन्ही कान गेले होते. समोरच्याचे ओठ दिसले तरच त्यांना बोलणं कळे. पाठीमागून गाडी अंगावर आली, तरी त्यांना ती धक्क्यानेच कळली असती.

“पुस्तकात काय लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“अर्धा तास.”

“मग अर्धा तास.”

“आणि वेळ कमी असला तर?”

उस्तादांनी कोटाच्या खिशातून पत्र्याची चपटी डबी काढली. आत करंगळीएवढे चिरूट ओळीने लावलेले होते. मिरजेचा एक तंबाखूवाला ते त्यांच्यासाठी मुद्दाम वळून देई. मोठे, जाड, हातभर धूर करणारे चिरूटही त्यांच्याकडे होते. पण ते खोलीवर, लाकडी पेटीत. दिवसाचं काम संपलं की त्यांतला एक. कामावर मात्र नेहमी लहान.

“वेळ कमी असला की हा,” ते म्हणाले.

प्रल्हाद हसला. “म्हणजे वेळ कमी असला तर थांबायचंही कमी?”

“वेळ कमी असला की माणूस थांबतच नाही. हा तोंडात धरला की थांबतो.”

प्रल्हादला हे उत्तर वाटलं नाही. म्हाताऱ्याची खोड वाटली.

सह्याद्रीच्या एका घाटात, अलीकडचं पाणी पलीकडच्या खोऱ्यात न्यायला बोगदा खोदला जात होता, तेव्हाची ही गोष्ट. मौलाली मुजावर तिथले जुने सुरुंगवाले. त्यांना सगळे चाचा म्हणत. प्रल्हाद उस्ताद म्हणे. प्रल्हाद निकम सव्वीस वर्षांचा. सुरुंगाची परीक्षा पहिल्या नंबरानं पास झालेला. सर्टिफिकेट त्यानं चौकट करून खोलीत टांगलं होतं. मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ होतं, आणि ते बघायची त्याला सवय होती.

दोघांचं काम वाटलेलं होतं. बोगद्याच्या टोकाला कातळात अकरा भोकं पाडली जात. भोकांत दारू भरायची, वाती कापायच्या, वातीच्या टोकाला दारू उडवणारी टोपी बसवायची, हे प्रल्हादचं. सगळी माणसं बाहेर काढून मोजायची, हेही त्याचंच. मग उस्ताद एकटे आत जात आणि तोंडातल्या चिरुटाच्या निखाऱ्यानं एकेक वात पेटवत.

“काडेपेटी का नाही?” प्रल्हादनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“काडी विझते.”

“मग मोठा चिरूट तरी घ्या. सारखा बदलायला नको.”

“मोठा ओढताना माणूस ऐसपैस होतो. हा ओठाला भाजतो. भाजला की निघायचं. वात राहिली असली तरी निघायचं.”

उस्ताद बाहेर आले की मोजणी सुरू होई. वाती कमीजास्त लांबीच्या कापलेल्या असत, म्हणजे बार एकामागून एक वाजत. अकरा पेटवले तर अकरा वाजले पाहिजेत. दहा वाजले, तर एक आत जिवंत राहिला. ढिगाऱ्याखाली तो दिसत नाही. कुणाची पहार लागली, कुणाचा पाय पडला, एखादा धोंडा सरकला, की तो वाजणार.

उस्तादांना आता ऐकू येत नव्हतं. म्हणून मोजायला प्रल्हाद.

चार महिन्यांत त्याचा एकही बार राहिला नव्हता. खाणावळीत जेवताना तो हे पुन्हा पुन्हा सांगे.

“माझ्या हातचा एकही राहिला नाही.”

“अजून,” उस्ताद म्हणत, आणि भाकरी मोडत.

त्या दिवशी दुपारी चार वाजता मोठे साहेब पाहणीला यायचे होते. त्याआधी ढिगारा उपसून टोक मोकळं दिसायला हवं होतं. रंगराव मुकादम सकाळपासून सगळ्यांच्या मागे लागला होता.

“आवरा रे. निकम, आटपा तुमच्या त्या वाती.”

खालच्या बाजूला डावीकडे जे भोक होतं, त्यात पाणी झिरपत होतं. प्रल्हादनं ते दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा पुसायला हवं होतं. त्यानं घड्याळ पाहिलं आणि ओल्या हातानंच टोपी बसवली.

शिट्टी झाली. माणसं बाहेर आली. फावडी, घमेली, पाट्या टाकून सावलीला बसली.

“सगळे आले का?” प्रल्हादनं ओरडून विचारलं.

“आले, आले,” कुणीतरी म्हणालं.

रोज तो डोकी मोजत असे. त्या दिवशी त्यानं मोजली नाहीत.

उस्तादांनी डबीतला लहान चिरूट पेटवला आणि ते आत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले ते नेहमीसारखे, चालत. ते कधी पळत नसत. चिरुटाचं थोटूक त्यांनी बुटाखाली चिरडलं आणि आडोशाच्या धोंड्यामागे प्रल्हादच्या समोर येऊन बसले. त्याचे ओठ दिसतील असे.

पहिला वाजला. दुसरा. तिसरा आणि चौथा लागोपाठ. पाचवा, सहावा, सातवा. आठव्याला वरून माती घसरली. नववा. दहावा एवढा मोठा झाला, की धोंड्यामागे बसलेल्यांनी कानावर हात घेतले.

मग...

प्रल्हाद श्वास धरून बसला. सेकंदकाटा एक वेढा फिरून आला. दुसरा वेढा अर्ध्यावर आला.

काही नाही.

“किती?” रंगरावानं विचारलं.

“अकरा.”

शब्द तोंडातून गेला. मग त्यानं मनाची समजूत घातली. दहावा केवढा मोठा होता. दोन एकदम उडाले असतील. उडतात कधीकधी. पुस्तकातही तसं लिहिलं आहे.

उस्ताद त्याच्या ओठांकडे पाहत होते. पाहतच राहिले.

धूर बाहेर येऊ लागला. माणसं उठली, फावडी उचलली. तेवढ्यात बोगद्याच्या आतून आवाज आला.

प्रल्हादनं तो सगळ्यांच्या आधी ऐकला. आधी वाटलं, लाकूड करकरतंय. मग शब्द कळले.

“कुनी हाय का... ओ...”

माणसं जागच्या जागी थांबली. एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. कोण नाही? कोण कमी आहे?

“धाकलू,” एकजण म्हणाला. “धाकलू ढेबे. सकाळधरनं ताप हुता त्याला. आडोशाला निजला हुता.”

बोगद्याच्या निम्म्या वाटेवर भिंतीत कोरलेली एक कोनाड्यासारखी जागा होती. अवजारं ठेवायला. धाकलू तिथं घोंगडी घेऊन पडला होता, आणि शिट्टी त्याच्या तापात कुठेतरी विरून गेली होती. सुरुंगाच्या धक्क्यानं ढिगारा वाहायचा लोखंडी गाडा त्याच्यावर कलंडला होता. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा फक्त आवाज येत होता.

“पाय... गाडा पडलाय... ओ मुकादम...”

“काय झालं?” उस्तादांनी विचारलं. त्यांना माणसांचे चेहरे दिसत होते, बाकी काही नाही.

प्रल्हादनं सांगितलं.

उस्ताद उठले, बोगद्याच्या तोंडाशी गेले आणि गाड्याच्या दोन रुळांच्या मधोमध मांडी घालून बसले. खिशातून डबी काढली. एक लहान चिरूट निवडला. पेटवला.

रंगराव धावत आला. “चाचा, उठा. बाजूला व्हा. माणूस आत मरतोय.”

“हा संपेपर्यंत कुणी आत जायचं नाही.”

“अहो, अकरा वाजलेत! निकमांनी मोजलेत!”

उस्ताद ओढत राहिले.

“दोघं चला रे माझ्याबरोबर,” रंगराव म्हणाला. दोघं पुढे झाले. उस्तादांनी उठायचे कष्ट घेतले नाहीत. नुसता हात आडवा धरला. त्या हाताला दोन बोटं कमी होती. दोघं थांबले.

आतून आवाज येतच होता.

“बहिरा हाय त्यो,” मागून कुणीतरी म्हणालं. “त्याला काय ऐकू येतंय? आपल्याला ऐकू येतंय.”

“काळीज न्हाई म्हाताऱ्याला.”

“पोरंबाळं असती तर कळलं असतं.”

शिव्याही झाल्या. त्या पाठीमागून येत होत्या, त्यामुळं उस्तादांपर्यंत पोचल्या नाहीत. प्रल्हादपर्यंत पोचल्या. तो उस्तादांच्या समोर उभा होता, आणि तिथं जमलेल्या चाळीस माणसांत म्हातारा बरोबर करतोय हे ठाऊक असलेला तो एकटाच होता.

तो बोलला नाही.

“प्रल्हाद,” उस्ताद म्हणाले. “काय म्हणतोय तो?”

“पाय अडकलाय म्हणतोय.”

“अजून?”

“पाणी मागतोय.”

उस्तादांनी धूर सोडला. “मी त्याच्यासमोरनं आलो. वाती पेटवून येताना. खोकला असेल. हाक मारली असेल...”

त्यांनी आपल्या कानाला हात लावला आणि काढून घेतला.

चिरूट पाव भाग जळला होता. राख पडली नव्हती. प्रल्हादचं लक्ष सारखं त्या राखेकडे जात होतं.

आतला आवाज बदलला. आता तो ओरडत नव्हता. एकच नाव घेत होता, थांबून थांबून. सगुणा. सगुणे.

“आता?” उस्तादांनी विचारलं.

“बायकोला हाक मारतोय.”

“बघा, बघा!” रंगराव किंचाळला. “निकम, तुम्ही तरी सांगा यांना. किती वाजले?”

सगळे प्रल्हादकडे बघू लागले.

“उस्ताद, उठा,” प्रल्हाद म्हणाला. “अकरा वाजलेत. मी मोजलेत.”

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते खरंच उठले. रुळांवरून बाजूला झाले. कमरेची बॅटरी सोडली आणि त्याच्या हातात दिली.

“मग तू जा.”



प्रल्हादनं बॅटरी घेतली. घेतल्यावर परत देता येईना. तो आत निघाला.

आत आंबूस वास होता. डोळे चुरचुरत होते. रूळ ओले होते. तो पावलं टाकत होता आणि प्रत्येक पावलाला त्याच्या डोळ्यांपुढं ते भोक येत होतं. खालचं, डावीकडचं, पाणी झिरपणारं. त्याच्यातली वात. त्याच्या ओल्या हातांनी बसवलेली टोपी. उडालेला ढिगारा कुठपर्यंत आला असेल? त्यात काय असेल? न वाजलेला बार जागेवरच राहतो असं नाही. शेजारच्या बारानं उखडून तो दगडांबरोबर बाहेर फेकला जातो, वाटेत कुठेही येऊन पडतो. हेही पुस्तकात होतं. ह्या ओळीवर त्याला परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क पडले होते.

बॅटरीच्या उजेडात पहिले दगड दिसले. डोक्याएवढे. त्यांच्यापलीकडे कलंडलेला गाडा.

त्याचे पाय थांबले.

“उजेड दिसतुया,” पलीकडून धाकलू म्हणाला. आवाज अगदी जवळ होता. वीस-पंचवीस पावलं. “कोन हाय? या की ओ... हितं हाय मी... हितं...”

प्रल्हाद उभा राहिला. त्यानं पाय उचलायचा प्रयत्न केला. खरोखर केला. हे तो पुढं आयुष्यभर स्वतःला सांगणार होता, आणि त्याचा काही उपयोग होणार नव्हता.

तो मागं फिरला. उजेड त्याच्याबरोबर फिरला.

तोंडाशी आल्यावर त्याला समोर सगळे दिसले. रंगराव काहीतरी विचारत होता. प्रल्हाद उस्तादांच्या समोर जाऊन उभा राहिला, त्यांना आपलं तोंड नीट दिसेल असा.

“दहा,” तो म्हणाला.

घशातून आवाज आलाच नाही. नुसते ओठ हलले.

त्या चाळीस माणसांत ते फक्त एका बहिऱ्यालाच कळलं.

“काय? काय म्हणाले हे?” रंगराव विचारत राहिला.

सगळे अकरा म्हणत होते तोवर ज्या माणसानं आत पाऊल टाकलं नव्हतं, तो दहा म्हटल्याबरोबर बूट काढू लागला.

“कुठला?”

“खालचा. डावीकडचा.”

“ओल होती?”

“होती.”

उस्तादांनी मान हलवली. मोजे काढून बुटात कोंबले. पँट गुडघ्यापर्यंत वर केली. दगडांवर अंदाज घेत चालायला त्यांना अनवाणी पाय हवे होते. मग तोंडातला चिरूट काढून त्यांनी प्रल्हादच्या बोटांत दिला आणि बॅटरी परत घेतली.

“मी येतो,” प्रल्हाद म्हणाला.

“दोघं नकोत.”

उजव्या भिंतीला तळवा लावून ते आत गेले. बॅटरीचा उजेड लहान लहान होत गेला.

आता आतून धाकलूचा आवाज येत होता. “चाचा... चाचा, हिकडं...” उस्ताद त्याला काही उत्तर देत नव्हते. त्यांना तो ऐकूच येत नव्हता. ते पायांनी बघत चालले होते. मग आवाजही थांबला. मग लोखंड दगडावर घासल्याचा एक लांबलचक कर्कश आवाज आला, आणि माणसं खाली बसली, कुणी डोकी गुडघ्यांत घातली.

काही वाजलं नाही.

प्रल्हाद उभा होता. चिरूट जळत जळत खाली आला, त्याच्या अंगठ्याला आणि बोटाला लागला. कातडी भाजल्याचा वास त्याला आला. त्यानं तो टाकला नाही. त्याला टाकायचं सुचलंच नाही.

उस्ताद आले ते पाठमोरे. धाकलूच्या काखांत हात घालून, त्याला ओढत. डावा पाय गुडघ्याखाली राहिलेला नव्हता म्हटलं तरी चालेल. उस्तादांनी आपला कमरेचा पट्टा त्याच्या मांडीला आवळला होता. रुळांवर, खडीवर, सगळीकडे रक्ताचा पट्टा उमटत आला होता.

ट्रक तयारच होता. प्रल्हाद मागे चढला. धाकलूचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं. बरोबर आणखी दोघं होते. घाट उतरताना प्रत्येक वळणाला धाकलूचं डोकं हलत होतं, आणि प्रल्हाद ते दोन्ही हातांनी धरत होता.

एकदा धाकलूनं डोळे उघडले.

“मला उजेड दिसला हुता,” तो म्हणाला. “मग गेला.”

प्रल्हादनं त्याचं डोकं आणखी घट्ट धरलं.

“परत आला,” धाकलू म्हणाला. “चाचा हुते.”

नंतर तो बोलला नाही. घाट संपायच्या आधी कधीतरी तो गेला. नक्की कुठल्या वळणावर, ते कुणाला समजलं नाही.

खाली दवाखान्यात डॉक्टरांनी पायाकडे पाहिलं, पट्टा सोडला, पुन्हा पाहिलं.

“किती वेळ रक्त जात होतं?”

हे प्रल्हादला अगदी मिनिटांपर्यंत सांगता आलं.

“जरा आधी निघाला असता तर...” डॉक्टर म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी तो राहिलेला बार शोधला. धाकलूच्या कोनाड्याच्या अलीकडे पंधरा पावलांवर, दोन दगडांच्या मध्ये, रुळाच्या डाव्या अंगाला तो पडला होता. धावत गेलेल्या माणसाचा पाय बरोबर त्यावर पडला असता. सगळ्यांना बाहेर काढून उस्तादांनी त्याच्याशेजारी दुसरा बार लावला आणि तो उडवला. आदल्या दिवशी शिव्या देणारी माणसं एकेक करून त्यांच्याकडे गेली. उस्तादांनी कुणाला काही विचारलं नाही. ते काय बोलतात हे त्यांच्या ओठांकडे पाहूनही घेतलं नाही.

प्रल्हाद तिसऱ्या दिवशी ढेब्यांच्या वाडीला गेला. सगुणा चुलीपुढे बसली होती. घरात माणसं होती, तरी भाकऱ्या तीच थापत होती.

“बोलले का काही?” तिनं विचारलं.

“तुमचं नाव घेत होता.”

मग त्यानं सगळं सांगितलं. अकरा म्हणालो ते. बॅटरी घेऊन आत गेलो, त्याच्यापासून वीस पावलांवरून परत फिरलो तेही. तिच्या भावांनी ऐकलं. एकजण उठून उभा राहिला. सगुणेनं त्याला हातानं खाली बसवलं. तव्यावरची भाकरी करपली होती, ती तिनं उलटली. प्रल्हादकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. तो बराच वेळ बसला आणि मग उठून आला. त्याला कुणी जा म्हणालं नाही, की बस म्हणालं नाही.

पंधरवड्यानं चौकशी झाली. रंगरावानं जबाब लिहून आणला होता. मयत मनुष्य स्वतःच्या हलगर्जीपणाने आत झोपून राहिला, वगैरे. प्रल्हादनं त्याखाली सही करायची होती. ती केली असती तर सगळंच मिटलं असतं. साहेबांनाही ते हवं होतं.

प्रल्हाद म्हणाला, “मी दहा ऐकले आणि अकरा सांगितले. माणसं मोजली नाहीत. टोपी ओल्या हातानं बसवली.”

“विचार करून बोला, निकम,” साहेब म्हणाले.

“ह्यावेळी करून बोलतोय.”

त्याचं सर्टिफिकेट दोन वर्षांसाठी काढून घेतलं गेलं. चौकट तशीच भिंतीवर राहिली, रिकामी. तीही त्यानं उतरवली.

निघायच्या दिवशी तो उस्तादांच्या खोलीवर गेला. ऊन कलत होतं. उस्ताद दाराशी खाटेवर बसले होते. काम बंद होतं, तरी त्यांच्या हातात मोठा चिरूट नव्हता. कुठलाच नव्हता.

प्रल्हाद त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. उजेड आपल्या तोंडावर पडेल असा.

“तुम्हाला माहीत होतं?”

“काय?”

“दहा.”

“मला कुठं ऐकू येतंय?”

“मग बसलात का?”



“तू अकरा फार पटकन म्हणालास,” उस्ताद म्हणाले.

समोरच्या उतारावरून खडीचा एक रिकामा ट्रक खाली गेला. प्रल्हाद तो नजरेआड होईपर्यंत बघत राहिला.

“मी पहिल्यांदाच दहा म्हणालो असतो, तर तो वाचला असता?”

“माहीत नाही.”

“पण तुम्ही लगेच आत गेला असता.”

“गेलो असतो. कुठला राहिला ते कळलं की वाट काढता येते.”

“मग वाचला असता.”

“माहीत नाही, प्रल्हाद.”

त्याला उस्तादांनी शिव्या द्यायला हव्या होत्या. थोबाडीत मारायला हवी होती. म्हातारा नुसता बसला होता. त्याच्या अनवाणी पायांवर दगडांनी कापल्याच्या रेघा होत्या, अजून पुरत्या न भरलेल्या.

“मी आता हे काम करणार नाही,” प्रल्हाद म्हणाला. “दोन वर्षांनी सर्टिफिकेट दिलं तरी नाही. गावाकडं दुकान आहे मामाचं, तिथं बसेन.”

उस्ताद त्याच्या ओठांकडे पाहत होते.

“माझे कान कामातून गेले, उस्ताद. कुठेही दार वाजलं, भांडं पडलं, की मी मोजायला लागतो. मोजून झालं की शेवटी तो येतो. उजेड दिसतुया म्हणतो. रोज. जेवताना, अंघोळ करताना. मला दुसरं काही ऐकूच येत नाही आता...”

उस्तादांनी पुढे वाकून त्याच्या दोन्ही कानांवर आपले खरबरीत हात ठेवले. तीन बोटांचा एक, पाच बोटांचा एक. बराच वेळ तसेच धरून ठेवले.

मग हात काढले.

“दोन वर्षांनी ये,” ते म्हणाले. “तेच कान पाहिजेत मला.”